बाहुलीघर कसे वाचावे? लघुघरांचा इतिहास आणि घरकामाचा पुरावा

१. प्रस्तावना

मी अभियांत्रिकी महाविद्यालयात ड्रॉइंग शिकवतो. काही वर्षांपूर्वी पहिल्या वर्षाच्या वर्गाला मी एक काम दिले होते. आपल्या घरातली कोणतीही एक खोली टेपने मोजायची आणि तिचे १:१२ प्रमाणात मॉडेल करून आणायचे. पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या, थर्माकोल, काहीही चालेल असे सांगितले होते. बहुतेकांनी दिवाणखाना केला: सोफा, टीव्ही, शोकेस, पडदे. एका विद्यार्थिनीने मात्र मोरी करून आणली. चाळीतल्या स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातली मोरी. तिचा कठडा ६ इंच उंच, म्हणजे मॉडेलमध्ये अर्धा इंच. आत पाण्याचे पिंप, बादली, धुण्याचा दगड, पालथी घातलेली भांडी आणि भिंतीवर ओल जिथपर्यंत चढली होती तिथपर्यंत गडद रंग. मापे बिनचूक होती. मी तिला १० पैकी ६ गुण दिले आणि शेरा लिहिला, 'विषयाची निवड अधिक चांगली हवी होती.'

तो शेरा चुकीचा होता, हे मला लघुघरांचा इतिहास वाचताना कळले. का चुकीचा होता, हेच या टिपणात मांडायचे आहे.

बाहुलीघर म्हटले की आपल्याला लहान मुलींचे खेळणे आठवते. युरोपात मात्र अशा घरांची सुरुवात खेळणे म्हणून झाली नाही. कधी ते राजाच्या संग्रहातली वस्तू होते, कधी मुलींना घरकाम शिकवण्याचे साधन, कधी श्रीमंतीचे प्रदर्शन, तर कधी पोलिसांच्या प्रशिक्षणाचे साहित्य. इतिहासाच्या विद्यार्थ्याला या घरांचा एक वेगळा उपयोग आहे. राजवाड्यांची, लढायांची, करारांची नोंद कागदोपत्री होत राहिली. पण भांडी कुठे घासली जात, कपडे कुठे वाळत, मोलकरीण कुठे झोपे, सरपण कुठे ठेवत, हे लिहून ठेवण्याची गरज फारशा कोणाला वाटली नाही. लघुघर बनवणाऱ्याला मात्र या प्रश्नांची उत्तरे द्यावीच लागतात, किंवा ती मुद्दाम टाळावी लागतात. दोन्हीतून आपल्याला काही समजते.

म्हणून पुढची उदाहरणे पाहताना तीन प्रश्न जवळ ठेवा:

(अ) हे घर कोणी बनवले आणि पैसे कोणी दिले?
(आ) ते मोजून, प्रमाणात केले आहे का?
(इ) या घरातले काम कोण करते, आणि ते काम दाखवले आहे का?

२. प्रमाणाचे गणित

आधी थोडे तांत्रिक. आज जगभर हौशी लोक जी लघुघरे बनवतात त्यांत १:१२ हे प्रमाण सर्वांत रूढ आहे. त्याचे कारण इंग्रजी मापपद्धतीत आहे. १ फूट म्हणजे १२ इंच, म्हणून खऱ्या घरातला १ फूट लघुघरात १ इंच होतो. ७ फुटी दरवाजा ७ इंचांचा होतो. १८ इंच उंचीची खुर्चीची बैठक दीड इंचावर येते. गुणाकार-भागाकार तोंडी जमतो.

पण लांबी १२ पट कमी झाली की सगळेच १२ पट कमी होत नाही. क्षेत्रफळ १४४ पट कमी होते आणि घनफळ १,७२८ पट. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाची त्याच घनतेची बाहुली केली, तर तिचे वजन सुमारे ३५ ग्रॅम भरेल. लघुघर बनवणाऱ्याच्या बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

कापडाचे उदाहरण घ्या. साडेपाच मीटरची साडी १:१२ मध्ये सुमारे ४६ सेंटिमीटरची होते. पण सूत १२ पट बारीक होत नाही आणि कापडाचे वजनही इतके घटते की ते आपल्या भाराने खाली पडत नाही. निऱ्या ताठ उभ्या राहतात, पडदे फुगतात. म्हणून कारागीर अतितलम रेशीम वापरतात, किंवा कापडाला खळ लावून चुण्या बसवतात आणि वाळेपर्यंत टाचण्यांनी दाबून ठेवतात. लाकडाचेही तसेच. सागवानाच्या ठळक रेषा छोट्या टेबलावर विचित्र दिसतात, म्हणून बारीक पोताचे लाकूड निवडतात. पाण्याचा पृष्ठताण तर प्रमाण मानतच नाही. छोट्या नळातून धार येत नाही, थेंब येतो, आणि तो थेंब बाहुलीच्या मानाने खूप मोठा असतो.

हे सांगण्यामागे हेतू आहे. चांगले लघुघर आपोआप तयार होत नाही. प्रत्येक वस्तूबाबत कोणीतरी निर्णय घेतलेला असतो: ही ठेवायची, ही गाळायची, ही खऱ्यासारखी दिसावी म्हणून थोडी बदलायची. छायाचित्रात नको असलेली वस्तू चुकून येऊ शकते. लघुघरात चुकून काही येत नाही. इतिहासाचे साधन म्हणून त्याची ताकद हीच आहे आणि मर्यादाही हीच.

३. थडग्यातील कारखाने

घराच्या छोट्या प्रतिकृतींचा इतिहास बाहुलीघरांपेक्षा फार जुना आहे. इजिप्तमध्ये थेबीस येथे मेकेत्रे नावाच्या एका बड्या अधिकाऱ्याचे सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचे थडगे आहे. ते पूर्वीच लुटले गेले होते. १९२० मध्ये हर्बर्ट विन्लॉक यांच्या नेतृत्वाखालील पथक तिथे साफसफाई करत असताना एक लपलेली खोली सापडली आणि तिच्यात रंगवलेल्या लाकडी प्रतिकृतींचा साठा मिळाला. आज त्यांतल्या काही कैरोच्या संग्रहालयात आणि काही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहेत.

या प्रतिकृतींत बाग आणि तळे आहे, पण त्याहून जास्त जागा कामाच्या आहेत: धान्याचे कोठार, पाव भाजण्याची आणि बिअर बनवण्याची जागा, गुरांचा गोठा, खाटीकखाना, विणकरांची खोली, सुतारशाळा. कोठारात धान्य मोजणारे मजूर आहेत आणि त्यांच्याजवळ हिशेब लिहिणारे लेखनिक बसले आहेत. मृत्यूनंतरही मालकाला अन्न, वस्त्र, पेय मिळत राहावे ही यामागची श्रद्धा.

हे खेळणे नव्हे आणि बाहुलीघरही नव्हे. पण तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथे स्पष्ट आहे. मालकाचे घर चालते ते कोणाच्या श्रमावर, हे इथे लपवलेले नाही. उलट तेवढेच मोठ्या काळजीने दाखवले आहे. श्रमांविषयी आदर होता म्हणून नव्हे, तर मालकाला परलोकातही ते श्रम हवे होते म्हणून.

४. म्युनिक आणि न्यूरेंबर्ग: संग्रह आणि शाळा

युरोपातले नोंद असलेले पहिले मोठे बाहुलीघर बव्हेरियाचा ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने १५५७-५८ मध्ये म्युनिक येथे करवून घेतले. ते मुलीसाठी होते असे सांगतात, पण ते जाऊन बसले ड्यूकच्या कलासंग्रहात. मूळ घर आज अस्तित्वात नाही. आपल्याला ते माहीत आहे ते योहान बाप्टिस्ट फिकलर याने १५९८ मध्ये केलेल्या संग्रहाच्या यादीमुळे. तबेल्यापासून स्वयंपाकघर आणि प्रार्थनामंदिरापर्यंत सरदारी घराचा सगळा पसारा त्या घरात होता. घर गेले, यादी राहिली. इतिहासात हे नेहमी घडते.

पुढच्या शतकात हे प्रकरण राजवाड्यातून व्यापाऱ्यांच्या घरात आले. न्यूरेंबर्ग हे धातुकाम आणि लाकूडकाम करणाऱ्या कुशल कारागिरांचे शहर. तिथे आना क्योफर्लिन नावाच्या स्त्रीने एक मोठे बाहुलीघर मांडले आणि ते पैसे घेऊन लोकांना दाखवले. १६३१ मध्ये तिने त्याची चित्रासह छापील जाहिरात काढली. तरुण मुलामुलींनी हे घर नीट पाहावे आणि सुव्यवस्थित घर कसे चालते हे शिकावे, असा तिचा रोख होता. तेही घर आज उरलेले नाही, जाहिरात उरली आहे.

न्यूरेंबर्गच्या जर्मन राष्ट्रीय संग्रहालयात त्याच काळातली काही बाहुलीघरे आजही पाहता येतात. त्यांतले १६३९ चे स्ट्रोमर घर प्रसिद्ध आहे. त्याच्या तळाशी तबेला आणि साठवणीच्या खोल्या आहेत, वरच्या मजल्यांवर स्वयंपाकघर आणि राहण्याच्या खोल्या. स्वयंपाकघरात कथील आणि तांब्याची भांडी ओळीने लावलेली आहेत. पुढे या शहराच्या नावाने फक्त स्वयंपाकघराचे खेळणेही बनू लागले. समोरून उघडी एक खोली, मध्ये चूल आणि भिंतीभर फडताळे. 'न्यूरेंबर्ग किचन' म्हणून ते युरोपभर माहीत झाले.

इथे काम दाखवले आहे, पण शिकवणुकीच्या रूपात. मुलीने मोठेपणी काय करायचे आहे ते तिला या घरातून सांगितले जात होते. म्हणून या घरांत भांडी नेहमी घासलेली, चादरी नेहमी घडी केलेल्या. स्वयंपाकघर कसे होते यापेक्षा ते कसे असावे, हे आपल्याला तिथे दिसते. साधन वाचताना हा फरक विसरू नका.

५. ॲम्स्टरडॅम: कपाटातले घर

सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात हॉलंडमधल्या श्रीमंत स्त्रियांनी हे घर थेट कपाटात बसवले. ॲम्स्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये असलेले पेट्रोनेला ऑर्टमन हिचे बाहुलीघर यांत सर्वांत प्रसिद्ध आहे. तिचा नवरा रेशमाचा व्यापारी होता. १६८६ ते १७१० च्या सुमारास तिने हे घर जमवले. कासवाच्या पाठीचे आवरण आणि कथिलाची जडणघडण असलेले कपाट, उंची सुमारे २५५ सेंटिमीटर. त्यावर वीस ते तीस हजार गिल्डर खर्च झाला असे मानतात. त्या रकमेत ॲम्स्टरडॅमच्या कालव्याकाठी जवळजवळ खरे घर विकत घेता आले असते. लहान चिनी मातीची भांडी खास चीनमधून मागवलेली होती. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीच्या व्यापाराने हे शक्य झाले. भारताच्या किनाऱ्यांवर ज्या कंपनीच्या वखारी होत्या, तीच ही कंपनी.

हे घर मुलांच्या हाती देण्यासाठी नव्हते; पाहुण्यांना कपाट उघडून दाखवण्यासाठी होते. तरीही, किंवा म्हणूनच, त्यात घरकामाला मोठी जागा आहे. बाळंतिणीची खोली आहे. कपडे वाळवण्याची आणि इस्त्रीची खोली वरच्या मजल्यावर आहे, जवळच जळणाचा साठा आहे. स्वयंपाकघरे दोन आहेत: एक चिनी भांडी मांडून ठेवण्याचे देखणे आणि दुसरे प्रत्यक्ष रांधण्याचे. नीटनेटके घर ही डच गृहिणीची प्रतिष्ठा होती, म्हणून कपड्यांचा ढीग हाही मिरवण्याचा विषय झाला.

या घराचे याकोब आपेल याने १७१० च्या सुमारास काढलेले चित्र त्याच संग्रहालयात आहे. चित्रात खोल्यांमध्ये बाहुल्या दिसतात. त्यांतल्या बहुतेक आज घरात नाहीत. एक साधन दुसऱ्या साधनाशी ताडून पाहण्याचा हा सोपा धडा आहे. केवळ घर पाहिले असते तर ते पहिल्यापासून रिकामे होते असे वाटले असते.

सारा रोटे या दुसऱ्या डच स्त्रीने १७४३ मध्ये लिलावात जुनी बाहुलीघरे विकत घेऊन त्यांतल्या वस्तूंतून स्वतःची नवी घरे सजवली. तिने खरेदीच्या आणि सजावटीच्या नोंदी ठेवल्या, आणि त्या टिकल्या. वस्तू आणि तिचा हिशेब दोन्ही हाती असणे इतिहासकाराच्या वाट्याला क्वचितच येते.

६. मेण आणि लाकूड

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये जमीनदारांच्या हवेल्यांत अशी घरे आली. त्यांना तिथे 'बेबी हाउस' म्हणत, कारण त्या काळच्या इंग्रजीत 'बेबी' या शब्दाचा बाहुली असाही अर्थ होता. सुमारे १७३५-४० मधले एक घर ससेक्समधील अप्पार्क या हवेलीत आहे. मूळ हवेलीला १९८९ मध्ये मोठी आग लागली, तेव्हा हे बाहुलीघर बाहेर काढून वाचवले गेले.

या घरात एक गोष्ट लक्ष देऊन पाहण्यासारखी आहे. मालक मंडळींच्या बाहुल्यांचे चेहरे मेणाचे आहेत आणि नोकरांच्या बाहुल्या लाकडाच्या. मेणात त्वचेचा रंग, डोळे, ओठ नाजूकपणे दाखवता येतात. लाकडात तेवढे नाही. कोणत्या माणसाला चेहरा द्यायचा आणि कोणाला फक्त आकार, हे साहित्याच्या निवडीतच ठरून गेले. नोकर घरात आहेत, त्यांचे काम दिसते, पण माणूस म्हणून त्यांना कमी तपशील मिळाला आहे. समाजरचना समजायला कधी कधी असा एखादा भौतिक तपशील पुरतो.

७. राणीचे घर आणि दिल्ली

विसाव्या शतकातले सर्वांत प्रसिद्ध लघुघर म्हणजे इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात बांधलेले घर. ते आज विंडसरच्या किल्ल्यात आहे. प्रमाण १:१२. वास्तुविशारद एडविन लुटियन्स. सुमारे १,५०० कलावंत, कारागीर आणि कारखानदारांनी त्यात हातभार लावला. विजेचे दिवे लागतात, लिफ्ट चालते, नळांना थंड-गरम पाणी येते. ग्रंथालयात त्या काळच्या लेखकांनी स्वतः लिहून दिलेली इवलीशी पुस्तके आहेत; आर्थर कॉनन डॉयल यांनी शेरलॉक होम्सची एक छोटी कथा खास या घरासाठी लिहिली.

भारतीय विद्यार्थ्याला लुटियन्सचे नाव वेगळ्या कारणाने परिचित असेल. त्याच वर्षांत ते नवी दिल्लीची आखणी आणि व्हाइसरॉयच्या निवासस्थानाचे बांधकाम पाहत होते. ३४० खोल्यांचे ते घर म्हणजे आजचे राष्ट्रपती भवन. एकच माणूस एका बाजूला एक फुटाचा एक इंच करत होता आणि दुसऱ्या बाजूला रायसीनाच्या टेकडीवर साम्राज्याचे मोठेपण दगडात मांडत होता. दोन्ही कामांचा हेतू मात्र फार वेगळा नव्हता. १९२४ मध्ये लंडनजवळ वेम्ब्ली येथे ब्रिटिश साम्राज्याचे प्रदर्शन भरले आणि तिथे हे बाहुलीघर १६ लाखांहून अधिक लोकांनी पाहिले. ब्रिटिश कारागिरी आणि ब्रिटिश माल किती उत्तम आहे हे पहिल्या महायुद्धानंतरच्या जगाला सांगणे, हे त्याचे एक काम होते.

या घरात नोकरांसाठी खोल्या, भांडी घासण्याची जागा, चादरी-पलंगपोसांची खोली हे सारे आहे. राजघराण्याचे घर नोकरांशिवाय पूर्ण होत नाही, हे लुटियन्स यांना ठाऊक होते.

याच्या उलट टोकाला शिकागोच्या नार्सिसा निब्लॅक थॉर्न यांच्या खोल्या आहेत. १९३२ ते १९४० मध्ये त्यांच्या देखरेखीखाली कुशल कारागिरांनी केलेल्या ६८ लघुखोल्या शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहेत. प्रमाण तेच, १ इंचाला १ फूट. युरोप आणि अमेरिकेतल्या अंतर्गत सजावटीचा शतकानुशतकांचा इतिहास त्यांतून दिसतो. खिडक्यांबाहेरचा प्रकाश इतका नेमका आहे की सकाळ की संध्याकाळ हे कळते. पण या खोल्यांत बाहुल्या नाहीत. खोली झाडली कोणी, शेकोटी पेटवली कोणी, हे विचारायला समोर कोणी नाही. सौंदर्य पुरेपूर आहे, काम मात्र चौकटीबाहेर गेले आहे.

८. कारखान्यातले घर आणि हरवलेले स्वयंपाकघर

एकोणिसाव्या शतकात बाहुलीघर श्रीमंतांच्या कपाटातून मध्यमवर्गीय मुलांच्या खोलीत आले. याचे कारण तंत्रज्ञानात आहे. यंत्राने कापलेल्या लाकडी फळ्या आणि रंगीत छपाई स्वस्त झाली. विटा, खिडक्या, वेली हे सारे कागदावर छापून फळीवर चिकटवता येऊ लागले. जर्मनीतल्या कारखान्यांनी जगभर माल पाठवला, पुढे इंग्लंड-अमेरिकेतही कारखाने निघाले. कारागिराने मोजून केलेली वस्तू मागे पडली आणि बाहुलीघर खऱ्या अर्थाने खेळणे झाले.

या प्रवासातला एक टप्पा १९६२ चा आहे. १९५९ मध्ये आलेल्या बार्बी बाहुलीसाठी त्या वर्षी पहिले 'ड्रीमहाउस' निघाले. घडी घालता येणारे, पुठ्ठ्याचे. त्यात पलंग, कपड्यांचे कपाट, पुस्तके, संगीत ऐकण्याचे उपकरण होते. स्वयंपाकघर नव्हते. न्यूरेंबर्गमध्ये १६३१ साली ज्या खेळण्याने मुलीला स्वयंपाकघराकडे नेले, त्याच परंपरेतल्या या खेळण्याने स्वयंपाकघरच काढून टाकले. बार्बी एकटी राहते, घर तिचे आहे. अमेरिकेत कर्ज देताना लिंग किंवा वैवाहिक स्थितीवरून भेदभाव करण्यास बंदी घालणारा कायदा यानंतर १२ वर्षांनी, १९७४ मध्ये झाला. म्हणजे स्वतःच्या नावावरचे घर बाहुलीला आधी मिळाले.

याला मुक्ती म्हणायचे की लपवाछपवी, यावर वर्गात वाद घालायला हरकत नाही. स्वयंपाकघर नसलेल्या घरातही कोणीतरी जेवतेच, आणि ते जेवण कोणीतरी शिजवलेले असते.

९. पुरावा म्हणून घर

आता शेवटचे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे उदाहरण. फ्रान्सेस ग्लेसनर ली (१८७८-१९६२) या शिकागोच्या एका धनाढ्य उद्योजक घराण्यातल्या. त्यांना गुन्ह्यांच्या वैद्यकीय तपासात रस होता. त्यांच्या देणगीतून हार्वर्ड विद्यापीठात १९३१ मध्ये न्यायवैद्यकशास्त्राचा विभाग सुरू झाला. त्या काळी संशयास्पद मृत्यूंच्या जागी पोलीस पोहोचत, वस्तू हलवत, पुरावा पुसला जाई. पोलिसांना नीट पाहायला शिकवले पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

यासाठी १९४० च्या दशकात त्यांनी रॅल्फ मोशर या सुताराच्या मदतीने १:१२ प्रमाणात मृत्यूच्या जागांच्या प्रतिकृती केल्या. इंग्रजीत त्यांना 'नटशेल स्टडीज' म्हणतात. दारांना कुलपे आहेत, भिंतीवर दिनदर्शिका आहे, डब्यांवर लेबले आहेत. मृत व्यक्तीच्या पायातले मोजे लीबाईंनी स्वतः अतिबारीक सुयांवर विणले. प्रशिक्षणाला आलेल्या अधिकाऱ्यांनी ठरावीक वेळात प्रत्येक खोली कडेपासून मध्यापर्यंत क्रमाने पाहायची आणि निरीक्षणे सांगायची. अपघात, आत्महत्या की खून, हे ठरवण्याचा दुवा एखाद्या पडद्यात, पावाच्या तुकड्यात किंवा मृतदेहाच्या रंगात असे. पुढे हार्वर्डचा विभाग बंद झाला आणि या प्रतिकृती बाल्टिमोरला गेल्या. तिथे त्या प्रशिक्षणासाठी वापरात राहिल्या, म्हणून त्यांची उत्तरे जाहीर केली जात नाहीत.

ज्या बाई स्वतः हवेलीत वाढल्या त्यांनी हवेल्या केल्या नाहीत, हे लक्षात घ्या. त्यांनी केली ती भाड्याची खोली, मजुराचे घर, अडगळीचे स्वयंपाकघर, धुणे वाळत घातलेला व्हरांडा. मृतांत अनेक स्त्रिया आहेत, अनेक गरीब आहेत. अशा मृत्यूंकडे दुर्लक्ष होण्याचा धोका सर्वांत जास्त होता. इथे ओट्यावरचे अर्धवट सोललेले बटाटे सजावट राहत नाहीत. काम मध्येच का थांबले, हा प्रश्न ते विचारतात. जवळजवळ चार शतके जे घरकाम शोभेसाठी, शिकवणीसाठी किंवा प्रतिष्ठेसाठी दाखवले गेले, ते इथे साक्षीदार झाले.

१०. आपल्याकडे: भिंती नसलेले घर

भारतात युरोपसारख्या बाहुलीघराची परंपरा रुजली नाही, पण लहान आकारातला संसार आपल्याला नवा नाही. मराठी घरांतली भातुकली हे त्याचे जवळचे उदाहरण. पितळेची, तांब्याची, लाकडाची, मातीची छोटी भांडी. चूल, जाते, पाटा-वरवंटा, उखळ-मुसळ, पोळपाट-लाटणे, बंब, घंगाळ. सावंतवाडीच्या रंगीत लाकडी खेळण्यांत हा संच आजही मिळतो. युरोपच्या घराशी तुलना केली तर फरक चटकन दिसतो. तिथे आधी भिंती, मग खोल्या, मग भांडी. भातुकलीत भिंतीच नाहीत. थेट स्वयंपाकघराची मांडामांड. जिथे ती मांडली तिथे घर.

काम इथे पूर्ण दिसते, पण ते कोणाचे हे आधीच ठरलेले असते. भातुकली मुलींची आणि दिवाळीतला मातीचा किल्ला मुलांचा, अशी वाटणी अनेक घरांत होती. किल्ल्यावर प्रमाणाची फिकीर नसते. मावळा दरवाजापेक्षा उंच असतो आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. भातुकलीतले भांडे मात्र मूळ भांड्याशी बरेच इमान राखते. म्हणून घरोघरीचे बंब आणि जाती गेल्यावरही त्यांचा आकार, कडी, तोटी या छोट्या वस्तूंत शिल्लक आहे.

दक्षिणेत नवरात्रात बाहुल्या मांडतात: तमिळमध्ये बोम्मै कोलू, तेलुगूत बोम्मल कोलुवू, कन्नडमध्ये गोंबे हब्ब. पायऱ्यांवर देवदेवतांच्या मूर्ती असतातच, पण लग्न, बाजार, खेडे यांचे देखावेही असतात. धान्य-किराणा समोर मांडून बसलेले चेट्टियार जोडपे तर ठरलेले. देवांच्या पंगतीत दुकानदाराला जागा मिळाली आहे. इतर कोणकोणत्या कामांना मिळाली आहे आणि कोणत्यांना नाही, हे आपापल्या गावी पाहण्यासारखे आहे.

११. समारोप

लघुघर हे खऱ्या घराचे निव्वळ छोटे रूप नसते. काय दाखवण्याजोगे आहे, याबद्दल त्या समाजाने घेतलेला तो निर्णय असतो. मेकेत्रेला मजूर हवे होते म्हणून मजूर आले. ऑर्टमनला स्वच्छतेची प्रतिष्ठा हवी होती म्हणून कपड्यांची खोली आली. थॉर्न यांना शैली हवी होती म्हणून माणसे गेली. ली यांना सत्य हवे होते म्हणून सोललेले बटाटेही राहिले. म्हणून अशा घरासमोर उभे राहिल्यावर आधी 'किती सुंदर' म्हणा, पण तिथे थांबू नका. भांडी कुठे घासत असतील, ते शोधा.

माझ्या विद्यार्थिनीने हेच केले होते. तिच्या घरात सर्वांत जास्त काम जिथे होत होते ती जागा तिने मोजली आणि ओलीची रेघही सोडली नाही. त्या वेळी दिलेले गुण आता बदलता येत नाहीत. पण त्यानंतर मी कामाचा मजकूर बदलला. आता वर्गाला सांगतो: घरातली अशी जागा मोजा जिथे रोज सर्वांत जास्त काम होते, आणि ते काम कोण करते हे मॉडेलखाली लिहा. गेल्या काही वर्षांत मोऱ्या आल्या, गच्चीवरची दोरी आली, गोठे आले, शिलाई मशीन ठेवलेला जिन्याखालचा कोपरा आला. दिवाणखाने कमी झाले आहेत.

विचारासाठी प्रश्न

१. म्युनिक आणि न्यूरेंबर्गची काही घरे नष्ट झाली, पण त्यांची यादी किंवा जाहिरात उरली. केवळ लेखी वर्णनावरून घराचा अभ्यास करताना कोणत्या मर्यादा येतात?

२. अप्पार्क येथील मेणाच्या आणि लाकडाच्या बाहुल्यांसारखा, साहित्याच्या निवडीतून सामाजिक भेद दाखवणारा एखादा तपशील तुमच्या परिसरातल्या मूर्ती, खेळणी किंवा देखाव्यांत आढळतो का?

३. १९६२ च्या बार्बीच्या घरात स्वयंपाकघर नसणे आणि भातुकलीत फक्त स्वयंपाकघर असणे यांची तुलना करा.

४. प्रात्यक्षिक: घरातली एखादी जुनी, वापरातून गेलेली वस्तू मोजून तिचे १:१२ ड्रॉइंग करा. ती कोण वापरत असे आणि तिचा वापर केव्हा थांबला, हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारून १० ओळींत लिहा.